अद्भुतापासून अनिष्टापर्यंत : कुमारांच्या वाचनाचा क्रम

कुमारांसाठी पुस्तकांची शिफारस करताना मराठी शिक्षक व पालक बहुधा चरित्रे आणि ऐतिहासिक कादंबऱ्या पुढे करतात. अद्भुत कथा ही बालपणीची करमणूक आणि अनिष्ट भविष्याचे चित्र रंगविणारी कादंबरी ही प्रौढांची मिरास, अशी विभागणी त्यामागे गृहीत असते. दिल्लीसारख्या शहरात ती विशेष घातक ठरते. येथील अनेक मराठी घरांतील मुले मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी व इंग्रजी वाचतात. देवनागरी लिपी त्यांना परकी नसते. ओढ लावावी लागते ती कथानकानेच.

वस्तुतः या दोन्ही प्रकारांचे नाते निकटचे आहे. अद्भुत कथेत सृष्टीचे नियम बदलतात, पण न्याय-अन्यायाची व्यवस्था बहुधा अबाधित राहते. अनिष्ट भविष्याच्या कथेत नियम आपल्याच जगाचे असतात. ते केवळ टोकापर्यंत ताणलेले असतात, आणि ढळते ती न्यायाची व्यवस्था. म्हणून पहिल्या प्रकाराने कल्पनाशक्ती सरावल्यावर दुसऱ्याकडे वळणे हा स्वाभाविक क्रम होय.

मराठीत या क्रमाच्या पायऱ्या उपलब्ध आहेत. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या. ही पहिली पायरी. दुसरी पायरी जयंत नारळीकरांची. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठविली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून यंत्रमानव घडतो, आणि त्या संस्कृतीच्या विनाशाचे कारणही त्यातच दडलेले असते. बटूने तीन पावलांत सर्वस्व घेतल्याची कथा मराठी मुलाला घरातच ठाऊक असते. त्यामुळे नव्या भयाला जुने नाव मिळते, आणि इशारा कळण्यास वेगळ्या विवरणाची गरज उरत नाही.

तिसरी पायरी नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीची. पाळत आणि धनसत्ता यांनी वेढलेला समाज तीत चित्रित झाला आहे. दिल्लीच्या साहित्य अकादमीने २०२० च्या पुरस्कारासाठी तिची निवड केली. लेखकाने तो स्वीकारला नाही. ही कादंबरी बारा वर्षांच्या वाचकाच्या हाती देणे अनुचित होईल. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील वाचकाला मात्र ती नाकारणे तितकेच अनुचित.

अशा वाचनाने मुले निराश होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु निराशा आणि इशारा यांत भेद आहे : इशारा देणारी कथा अनिष्टाची कारणे दाखविते, आणि जे कारणांनी घडते ते टाळताही येते. शिफारस करणाऱ्याने पुस्तक किती भयंकर आहे हे न पाहता त्यातील भय कारणापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहावे. ज्या कथेत ते पोहोचत नाही, ती प्रौढांच्याही फारशी उपयोगाची नाही.