स्विच घेताना पुढचा हंगाम बघा

सभासद बंधू-भगिनींनो, विहिरीवरून पाइपलाइन टाकताना आपण आजच्या दोन एकरांपुरती टाकत नाही. पुढची पट्टीही भिजवायची हे धरूनच पाइप घेतो. सोसायटीत किंवा वजनकाट्यावर संगणक जोडतानाही हाच हिशेब धरावा, असे आम्हाला वाटते. दरपत्रके शेवटी तुमच्यापुढेच मंजुरीला येतात.

संगणक एकमेकांना जोडणारी पेटी म्हणजे स्विच. आज पाच यंत्रे आहेत म्हणून ८ पोर्टचा घेतला, तर कॅमेरे, प्रिंटर, दुसरा काटा आला की तो अपुरा पडतो. १६ किंवा २४ पोर्टचा घ्या. कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीज द्यायची असेल, तर स्विच एकूण किती वॅट देतो तेही विचारा. नाहीतर पोर्ट मोकळे आणि वीज संपलेली, असं होतं.

तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच धरावी. काटा लांब असेल तर फायबर टाका. ती उजेडावर चालते. आत धातूची तार नसलेली घेतली तर आभाळातल्या विजेचा झटका तिच्यातून येत नाही. चर एकदाच खणायचा, तेव्हा पाइप जाड घाला आणि आत दोरी सोडून ठेवा. पुढची केबल तिनेच ओढता येते.

हंगामात काटा अडला की गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो, वजन घटते. नुकसान आपलेच. तेव्हा नुसती किंमत बघू नका. मोकळे पोर्टही मोजा.