मंडळीचे ऐक्य आणि निष्कारण फूट

मूळ वचने : १ करिंथ १:१०–१७, गलती २:११–१४, रोम १४ वा अध्याय. हे तिन्ही भाग उपदेशक बंधूंनी पाठ शिकविण्यापूर्वी घरी सावकाश वाचावेत आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस ते वाचून दाखवावेत.

करिंथ येथील मंडळी स्थापन होऊन फार वर्षे लोटली नव्हती, तोच ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून पौलास कळले की तेथे तट पडले आहेत. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा म्हणवून घेऊ लागला होता. आता ह्या तिघांनी निरनिराळ्या ख्रिस्ताची घोषणा केली होती काय? मुळीच नाही. तिघांचा प्रभू एक, वधस्तंभ एक, शुभवर्तमान एक. भेद होता तो माणसांचा. एकाची वाणी गोड, दुसऱ्याचा अधिकार मोठा, तिसऱ्याचा सहवास जुना. तिसऱ्या अध्यायात पौलाने ह्यावर शेतकऱ्यास कळेल असे उत्तर दिले आहे. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, पण वाढविणारा देव. आपल्या भागात सरकी टोबणारा वेगळा, डवरा धरणारा वेगळा आणि वेचणीस येणाऱ्या बायका वेगळ्या असतात. म्हणून वावराचे तीन तुकडे करून प्रत्येकाने एकेक घरी नेल्याचे कोणी ऐकले आहे काय? शेत धन्याचे असते.

ही गोष्ट करिंथापुरती असती तर आजचा पाठ लवकर संपला असता. परंतु आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी जे घडले ते सांगणे मला कर्तव्य वाटते. गावाचे नाव सांगत नाही. तेथे बावीस ख्रिस्ती कुटुंबे व एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. एका वडिलांचे म्हणणे, रविवारची उपासना दिवस उगवताच व्हावी, म्हणजे माणसे वेळेवर वावरात जातील. दुसऱ्यांचे म्हणणे, ती सायंकाळी व्हावी, म्हणजे दूरच्या शेतावर जाणाऱ्यांस येता येईल. दोन्ही म्हणणी वाजवीच होती. मंदिराची किल्ली पहिल्या वडिलांकडे असे. एका रविवारी सायंकाळी काही मंडळी आली, तो दारास कुलूप. ती लिंबाखाली बसली, एक गीत गायिली आणि मनात काटा घेऊन घरी गेली. पुढील आठवड्यांत किल्ली मागितली गेली, दिली गेली नाही, पुन्हा मागितली गेली, आणि शब्दास शब्द लागला.

ह्यानंतर जे झाले तिकडे विशेष लक्ष द्यावे. बाहेरून एक उपदेशक त्या गावी आले. लिंबाखाली बसणाऱ्यांस त्यांनी सांगितले की, शिंपडून झालेला तुमचा बाप्तिस्मा खरा नव्हे. नऊ कुटुंबांनी नदीवर जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून गावात असे बोलले जाऊ लागले की, ही फूट बाप्तिस्म्याच्या सिद्धान्तावरून पडली. बंधूंनो, ती बाप्तिस्म्यावरून पडली नव्हती. ती किल्लीवरून पडली होती. सिद्धान्त मागाहून आला आणि किल्लीच्या भांडणावर त्याचे पांघरूण पडले.

दोन मंडळ्या झाल्या, दोन ध्वनिक्षेपक समोरासमोर लागले. मग एक वृद्ध विधवा प्रभूमध्ये निजली. तिचा थोरला मुलगा एका मंडळीत, धाकटा दुसरीत. मातीच्या वेळी प्रार्थना कोणी करावी ह्यावरून वाद पडला आणि प्रेत दुपारपर्यंत अंगणात राहिले. शेवटी खड्डा खणला तो गावातील हिंदू शेजाऱ्यांनी. दोन वर्षांपासून शास्त्रवाचनास नेमाने येणारा एक तरुण त्या दिवसापासून यावयाचा बंद झाला. मला बोलाविले गेले तेव्हा सूर्य कलला होता. किल्लीची गोष्ट मला कित्येक महिन्यांपासून ठाऊक होती. ती आपोआप मिटेल असे समजून मी गेलो नव्हतो, हेही येथे लिहून ठेवतो.

आता प्रश्न असा की, कोणत्या भेदासाठी वेगळे होणे योग्य आणि कोणत्यासाठी अयोग्य? सर्वच भेद सारखे नव्हेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय पाहा. तेथे कोणी मांस खातो, कोणी केवळ शाकभाजी खातो. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. पौल त्यांस एकमत होण्याची आज्ञा करीत नाही. तो म्हणतो की, खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये, कारण दुसऱ्याचा चाकर आपल्या धन्यापुढे उभा राहतो वा पडतो. म्हणजे भेद राहू द्या, परंतु भोजनास एकत्र बसा. उपासनेची वेळ, ढोलकी की पेटी, भुईवर बसणे की बाकावर, लग्नातील मांडव व हळद, हे सर्व प्रश्न ह्या जातीचे आहेत.

परंतु अंत्युखियातील प्रसंग निराळा आहे. केफा प्रथम परराष्ट्रीयांबरोबर जेवीत असे. यरुशलेमेहून काही लोक येताच तो भिऊन मागे सरला आणि वेगळा बसू लागला. बर्णबाही त्यात ओढला गेला. कोणी म्हणाला असता, दोन पंगती मांडा म्हणजे शांतता राहील. पौलाने तसे होऊ दिले नाही. त्याने सर्वांसमक्ष केफास अडविले, कारण ज्यास ख्रिस्ताने आपल्या पंगतीस बसविले त्यास वेगळे बसविणे म्हणजे शुभवर्तमानच मोडणे होय. ही गोष्ट आम्हांस जवळची आहे. आमच्या कित्येक मंडळ्यांत पूर्वीच्या जातीची रेघ पुसट झाली आहे, पुसली गेलेली नाही. एक घर दुसऱ्या घरी सोयरीक करीत नाही. प्रभुभोजनास एकाच प्याल्यातून घेणारी माणसे लग्नाच्या पंगतीत पाणी निराळे घेतात. ‘त्यांची मंडळी त्यांच्या मोहल्ल्यात, आमची आमच्या’ अशी सोय कोणी सुचविली, तर ती शांततेची वाट समजू नये. ती जुनी वेस आहे, आता मंडळीच्या नावाने बांधलेली. येथे उपदेशकाने पौलासारखे उभे राहावे, आणि तो उभा राहिला म्हणून फूट पाडणारा कोणी त्यास म्हणेल तर म्हणू द्यावे.

फूट पाडणारेही शास्त्र दाखवितात. पहिले वचन १ करिंथ ११:१९. मंडळीत पक्षभेद होणे अवश्य आहे असे पौलच लिहितो, असे ते म्हणतात. पण मागचीपुढची वचने वाचली म्हणजे कळते की, श्रीमंत आधी जेवून तृप्त होतात व गरीब उपाशी राहतात ह्याबद्दल तो तेथे त्यांची खरडपट्टी काढीत आहे; अशा वेळी पारख झालेले कोण ते उघड होते, एवढेच त्याचे म्हणणे. दुसरे वचन २ करिंथ ६:१७, त्यांच्यामधून निघून वेगळे व्हा. तेथे प्रश्न मूर्तींचा व अविश्वासाचा आहे, किल्ली धरून बसलेल्या भावाचा नाही. तिसरे म्हणजे पौल व बर्णबा ह्यांचे उदाहरण. मार्कास बरोबर न्यावे की नाही ह्यावरून त्या दोघांत तीव्र मतभेद झाला व ते वेगळ्या वाटांनी गेले, हे खरे आहे. शास्त्र ते लपवीत नाही. परंतु त्यांनी अंत्युखियात दोन मंडळ्या स्थापल्या काय? एक कुप्रास गेला, एक सूरियाकडे, आणि काम दुप्पट झाले. पुढे पौल बर्णबाचा उल्लेख आपल्यासारखाच श्रम करणारा म्हणून करितो (१ करिंथ ९:६), आणि शेवटच्या पत्रात त्याच मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे तीमथ्यास कळवितो.

बाप्तिस्म्याचा प्रश्न क्षुद्र आहे असे मी म्हणत नाही. तो इतका खरा आहे की उत्तर हिंदुस्थानातील मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी त्यावर पुष्कळ काळ अडखळली. ती बोलणी १९२९ साली लखनौ येथे सुरू झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन (हे दोघे १९२४ पासून एकत्र होतेच), बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखांचे मेथडिस्ट असे निरनिराळ्या रीतींचे लोक त्यांत होते. कोणी बालकांस बाप्तिस्मा देत, तर कोणी केवळ विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांस. कोणास बिशप हवे, कोणास नकोत. ते ४१ वर्षे बोलत राहिले. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये, उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींस एकाच मंडळीत जागा देण्यात आली. बाप्टिस्टाने आपली खात्री सोडली नाही, अँग्लिकनानेही नाही. भावाच्या खात्रीस घराबाहेर काढावयाचे नाही एवढे दोघांनी कबूल केले. नागपूर आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्याइतके आहे. तेथे खऱ्या सिद्धान्तभेदासाठी ४१ वर्षे धीर धरला गेला, आणि आपल्या गावी एका कुलपासाठी चार रविवारही धीर धरला गेला नाही.

त्या ऐक्याविषयी खोटी स्तुती मात्र करू नये. दक्षिण आशियाच्या मेथडिस्ट मंडळीने ऐन वेळी, १९७० सालीच, त्यातून अंग काढून घेतले. गुजरातेतील ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व त्याचा निकाल २०१३ साली लागला. कागदावर सह्या झाल्याने मने एक होतात असे नव्हे. उलटपक्षी, आपल्या जिल्ह्यातील फ्री मेथडिस्ट मंडळी त्या ऐक्यात नव्हती, म्हणून ती ऐक्याची वैरी ठरत नाही. ह्याच यवतमाळ शहरात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत ती येथेच होती. तिच्या नावातच ऐक्य आहे. निरनिराळ्या मंडळ्यांतील तरुण तेथे एका छताखाली शिकले, एका भोजनगृहात जेवले, व परत आपापल्या मंडळीत सेवेस गेले. कोणाची पाटी बदलली नाही, तरी एकमेकांस परके म्हणण्याची सवय मोडली. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांजवळ तर आणखी एक ठेवा आहे. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक किती तरी मंडळ्यांच्या हाती एकच आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची भजने गाताना कोणी त्यांच्या बाप्तिस्म्याची रीत विचारीत नाही. त्या गावीही दोन्ही ध्वनिक्षेपकांतून पुष्कळदा त्यांचेच भजन येत असे, एका वेळी, निरनिराळ्या सुरात.

बाहेरच्या माणसास हे कसे दिसते, हे पंडिता रमाबाईंनी सांगून ठेविले आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती देशांत इतके पंथ व प्रत्येकाची निराळी शिकवण पाहून आपण किती गोंधळून गेलो, हे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. त्या विदुषी होत्या, शास्त्रे जाणणाऱ्या होत्या, त्यांनी गोंधळातून ख्रिस्त शोधून काढला. आमच्या गावचा तो तरुण विद्वान नाही. शास्त्रवाचनास येण्याचे सोडल्यावर तो परत आलेला नाही.

आता उपाय. प्रभूने मत्तय १८:१५ मध्ये क्रम घालून दिला आहे. प्रथम एकट्याने, एकांतात भावाकडे जावे. मग एकदोघांस घेऊन. मग मंडळीस सांगावे. आमच्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो. आधी चावडीवर बोलतो, मग नातलगांत, आणि भावाकडे कधीच जात नाही. म्हणून मंडळीच्या वडिलांस माझी विनंती आहे की किल्ली, वर्गणीची पेटी आणि हिशोबाची वही ह्या तीन वस्तू कधीही एकाच घरी ठेवू नयेत. दर तीन महिन्यांनी हिशोब सर्वांसमोर वाचावा. हे संसारी बोलणे वाटेल, पण प्रेषितांनीही विधवांच्या वाटणीची कुरकुर ऐकली तेव्हा केवळ प्रार्थना करून ते थांबले नाहीत, त्यांनी सात माणसे नेमिली (प्रे. कृत्ये ६). कुरकुर ग्रीक बोलणाऱ्यांची होती, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सारी ग्रीकच आहेत. ज्यांस आपल्यावर अन्याय झाला असे वाटत होते त्यांच्याच हाती वाटणी सोपविली गेली! बाहेरून कोणी उपदेशक आल्यास त्याचे स्वागत करावे, परंतु त्यास पहिला प्रश्न हा विचारावा की, दुसऱ्या बाजूस तुम्ही भेटला आहात काय?

फिलिप्पै येथे यूवदीया व सुंतुखे ह्या दोन भगिनींत बिघाड झाला होता. पौल त्यांचा न्याय करीत नाही. कोण चुकली हेही लिहीत नाही. दोघींस सारखीच विनंती करितो, आणि एका सोबत्यास, ज्याचे नाव त्याने दिलेले नाही, त्यांस साहाय्य कर म्हणून सांगतो. ती जागा प्रत्येक गावी रिकामी आहे.

त्या गावची हकिकत पूर्ण करितो. नऊ कुटुंबे अजून वेगळीच भरतात. गेल्या हंगामाच्या उपकारस्तुतीस मात्र ती मंदिरात आली. सोयाबीन, तूर व कापूस एकाच ढिगात ठेविला गेला. किल्ली आता दोन आहेत. विधवेचे दोघे मुलगे त्या दिवशी एका सतरंजीवर बसले होते, परंतु बोलताना मी त्यांस पाहिले नाही. उपदेशक बंधूंनी हा पाठ झाल्यावर वर्गात एवढेच विचारावे : आपल्या गावी कोणाशी आपण बोलत नाही, आणि त्याचे पहिले कारण काय होते? उत्तर मोठ्याने मागू नये. पुढील रविवारच्या आत, अंधार पडल्यावर का होईना, ज्यास त्याच्या घरी जावयाचे असेल त्याने जावे.