दगडाआधी चिठ्ठी जपा

जुन्या खनिज-नमुन्यांच्या बाजारात ‘पूना’ हे नाव फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय चिठ्ठ्यांवर ते ‘पूनाह’ असंही सापडतं. हेन्री ब्रूक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने तर आपल्याकडच्या एका खनिजाला ‘पूनाहलाइट’ असं नाव दिलं होतं. पुढे ते वेगळं खनिज नसल्याचं ठरलं. 1856 ते 1863 या काळात बोरघाटात रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडला गेला आणि काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून अॅपोफिलाइट, स्टिल्बाइटचे देखणे स्फटिक बाहेर आले. त्यातले काही परदेशी संग्रहांत पोहोचले. म्हणूनच आज कोणी ‘बोरघाटातला, रेल्वेच्या वेळचा’ म्हणाला की संग्राहकाचे हात शिवशिवतात. किंमतही त्या तीन शब्दांनीच वाढते.

असाच एक नमुना मला दाखवण्यात आला. पीचच्या रंगाच्या स्टिल्बाइटवर पोपटी अॅपोफिलाइट आणि सोबत तपकिरी पडलेल्या शाईची ‘पूनाह’ लिहिलेली चिठ्ठी. फोटो पाहून मी इसार पाठवला. दगड हातात आल्यावर दहापट भिंग लावलं, तर मागच्या एका कपारीत गडद निळे बारीक गोळे दिसले. ते कॅव्हान्साइट होतं. या खनिजाचं वर्णनच मुळी 1973 मध्ये, अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या नमुन्यांवरून झालं आणि आपल्याकडचे प्रसिद्ध निळे नमुने वाघोलीच्या दगडखाणींतून आले ते त्याहीनंतर. म्हणजे चिठ्ठी खरी होती, दगडही खरा होता, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मी नमुना परत पाठवला, इसार बुडाला.

तेव्हापासून जुन्या नमुन्यात मी आधी आकडा शोधतो. चांगले संग्राहक दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर नोंदक्रमांक लिहीत, किंवा बारीक कागदी अंक चिकटवत. तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि नशीब थोर असेल तर नोंदवहीतही असतो. हे जुळलं तर बाकीची कहाणी ऐकायची. क्रमांक खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर तिथेच थांबायचं. बॉनचे क्रांट्झ, लंडनचे ग्रेगरी, फिलाडेल्फियाचे फूट या जुन्या व्यापाऱ्यांच्या छापील चिठ्ठ्यांचे नमुने प्रसिद्ध झालेले आहेत, ते शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

कागदही बोलतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बहुतेक पांढऱ्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात; अतिनील दिव्याखाली तो निळसर उजळतो. त्याच दिव्यात स्फटिकांच्या बुडाशी लावलेला गोंदही अनेकदा उघडा पडतो. चिठ्ठीवरच्या नावांकडेही नीट बघा. ‘हिउलंडाइट’ हे नाव 1822 चं. त्याआधी ते खनिज स्टिल्बाइटमध्येच धरलं जाई. पूनाचं पुणे अधिकृतपणे झालं 1978 मध्ये आणि बॉम्बेचं मुंबई 1995 मध्ये. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हणवणाऱ्या इंग्रजी चिठ्ठीवर ‘मुंबई’ असेल, तर पुढे बोलायची गरज नाही.

मात्र खऱ्या चिठ्ठीवरचं गावही जपूनच घ्या. ‘पूना’ किंवा ‘जळगाव’ म्हणजे पुष्कळदा माल जिथे विकला गेला ते ठिकाण. प्रत्यक्षात दगड राहुरीकडच्या एखाद्या शेतातल्या विहिरीतून निघालेला असू शकतो. व्यापारी खाणीचं नाव सांगत नाहीत, कारण उद्या दुसरं गिऱ्हाईक थेट तिथे पोहोचेल. त्यांचा धंदा मला समजतो, पण त्या मौनाने झालेलं नुकसान भरून येत नाही. पुण्यातल्या पाषाणच्या ज्या खाणींतून हिरवं अॅपोफिलाइट निघालं, त्या परिसरात आज वस्ती आहे. तिथे जाऊन पुन्हा खात्री करणं शक्य नाही.

याहून मोठा घात घरातच होतो. एका निवृत्त प्राध्यापकांच्या मागे त्यांच्या मुलांनी सगळे नमुने साबणाच्या पाण्यात घासून चकचकीत केले आणि जुने कागद रद्दीत दिले. शोभेचे दगड उरले. कुठला खंडाळ्याचा, कुठला नाशिकचा, कोणी कोणाला दिला, हे सांगणारं आता काहीच नाही. मी तो संग्रह पाहून दोन दिवस अस्वस्थ होतो.

तुमच्याकडे वडिलांचा किंवा आजोबांचा असा संग्रह असेल, तर पाण्याला हात लावण्याआधी प्रत्येक दगडाचा त्याच्या चिठ्ठीसह फोटो काढा. दगडाची पाठ आणि डबीचं झाकणही फोटोत येऊ द्या. जुनी चिठ्ठी चुकीची वाटली तरी फेकू नका, तिच्यावर खाडाखोड करू नका; तुमची दुरुस्ती वेगळ्या कागदावर लिहून तिच्याखाली ठेवा. आणि आज विकत घेतलेल्या नमुन्यासोबतही गाव, तालुका, खाण की विहीर, कोणाकडून घेतला आणि कोणत्या तारखेला, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवा. विक्रेता गाव सांगत नसेल तर ‘विक्रेत्याने सांगितलं नाही’ असंच लिहा. अंदाजाने गाव भरू नका.