एफएमवर न मिळणारी बातमी

प्रश्न : नोकरीसाठी रोज हातोदहून इंदूरला जातो. वाटेत एफएम लावला की गाणी, गप्पा, जाहिराती सगळं ऐकू येतं. पण शहरात काल काय झालं ते कळत नाही. परदेशात आता एकेका शहरापुरते रोजचे बातम्यांचे पॉडकास्ट निघतात असं ऐकलं. ते सादर करणारा माणूस नेमकं काय करतो? आणि असं काही आपल्याकडे, अगदी हातोदमध्ये बसून, करता येईल का?
— एक वाचक, हातोद

उत्तर : आधी एफएमचं सांगतो. खासगी एफएमशी इंदूरचं नातं जुनं आहे. रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं केंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये तिथेच सुरू झालं. पण खासगी केंद्रांना स्वतः मिळवलेल्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं ऐकवता येतं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना यांना सरकारी धोरण बातमी मानत नाही, म्हणून त्या कानावर पडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने तासाला दहा मिनिटं बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारस केली होती.

याचा अर्थ असा, की उद्या अमुक भागात नळाला पाणी येणार नाही हे एफएमचा निवेदक सांगू शकतो. का येणार नाही, आणि मागच्या वेळी दिलेल्या आश्वासनाचं काय झालं, हे तो विचारायला लागला की ती बातमी होते. शहराच्या रोजच्या पॉडकास्टची जागा मला नेमकी इथे दिसते.

तुम्ही ऐकलंत ते बहुधा 'सिटी कास्ट'बद्दल असावं. अमेरिकेतल्या या कंपनीने २०२१ मध्ये शिकागो आणि डेन्व्हरपासून असे शहरी पॉडकास्ट सुरू केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'द डेली'मुळे रोज एकच विषय नीट उलगडून सांगण्याची पद्धत त्याआधीच रुळली होती.

बातम्या वाचून दाखवणं हे निवेदकाच्या कामातलं सर्वांत छोटं काम. त्याचा बराच दिवस जातो निवडण्यात आणि माणसं गाठण्यात. शहरात रोज पन्नास गोष्टी घडतात; पंधरा मिनिटांत त्यातली एक नीट सांगून होते, फार तर दोन. इंदूरच्या बीआरटीएसचं, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गाचं, उदाहरण घ्या. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढून टाकायला सांगितला. आदेशाच्या दिवशी सगळ्यांनीच ती बातमी दिली. पण रेलिंग आणि थांबे निघायला पुढे महिनोन्महिने लागले. त्या काळात बसचा प्रवासी कुठे उभा राहिला, ठेकेदाराचं काम कुठे अडलं, हे पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस शहराला हवा असतो. रोजच्या निवेदकाची किंमत मी त्याच्या आवाजावरून करणार नाही. तो किती वेळा जुन्या विषयाकडे परत जातो, ते पाहीन.

इंदूरची मेट्रोही तशीच. ३१ मे २०२५ रोजी गांधीनगरच्या बाजूने पाच स्थानकांचा टप्पा सुरू झाला. देशाच्या बातमीपत्रात ते उद्घाटन होतं. हातोदच्या माणसाचा प्रश्न वेगळाच: गांधीनगरपर्यंत पोचायचं कसं, दुचाकी कुठे लावायची, आणि ऑफिस असलेल्या भागापर्यंत गाडी कधी जाणार? हा प्रश्न दिल्लीतल्या स्टुडिओत कुणाला सुचणार नाही. तो सुचायला त्या रस्त्याने रोज जावं लागतं.

भाषेची शिकवण घ्यायला तर दूर जायचीही गरज नाही. १९५५ मध्ये सुरू झालेल्या इंदूर आकाशवाणीवर नंदाजी आणि भेराजी हे दोघे मालवी या इथल्या बोलीत शेतकऱ्यांशी बोलत. खत, बियाणं, सरकारी योजना असा रुक्ष मजकूर त्या दोघांच्या बोलण्यातून येई आणि गावोगाव लोक तो आवडीने ऐकत. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. ऐकणाऱ्याच्या मनातली शंका पहिल्याच्या तोंडून बाहेर पडायची. आजचा चांगला पॉडकास्ट हेच करतो. निवेदक वार्ताहराला किंवा जाणकाराला समोर बसवतो आणि ऐकणाऱ्याच्या वतीने विचारतो. आपल्याला सगळं ठाऊक आहे असा आव आणणारा निवेदक या कामाला निरुपयोगी.

कानासाठी लिहिणंही वेगळं असतं. वाचक ओळ पुन्हा वाचू शकतो, दुचाकीवरचा श्रोता तसं करू शकत नाही. म्हणून वाक्य छोटं, एका वाक्यात एकच आकडा, आणि माणसाचं नाव घेण्याआधी तो कोण ते सांगायचं. इंदूरसाठी हिंदी लागेलच. पण मालवी आणि मराठी बोलणाऱ्यांना आपापल्या भाषेत बोलू द्यावं, अर्थ निवेदकाने ओघात सांगावा.

आता हातोदमधून करता येईल का? येईल. पॉडकास्टला प्रसारणाचा परवाना लागत नाही. बरा माइक, पडदे-गाद्यांनी आवाज न घुमणारी खोली आणि इंटरनेट एवढ्यावर सुरुवात होते. जबाबदारी मात्र वर्तमानपत्राइतकीच. बातम्या देणाऱ्या डिजिटल प्रकाशकांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू आहेत. तक्रार आली तर पंधरा दिवसांत निकाली काढणं त्यात अपेक्षित आहे. त्या नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगितीही दिली, तेव्हा सुरू करण्यापूर्वी वकिलाला विचारा. बदनामीचा कायदा तर आहेच, आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. गावात नाव न घेताही ओळख पटते. अमुक गल्ली, अमुक शाळा एवढं बोललं तरी पुरतं, म्हणून छोट्या ठिकाणी जास्त जपावं लागतं.

रोज करण्याचा हट्ट सुरुवातीला धरू नका. एकट्या माणसाने नोकरी सांभाळून रोज खात्री केलेली बातमी देणं अवघड आहे, आणि खात्री सुटली की सगळंच गेलं. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. विषय फक्त हातोद-इंदूर रस्ता, नगर परिषद आणि मंडई. सोबत एक जोडीदार घ्या, जो तुम्हाला माइकसमोर अडवून विचारेल, की हे तुम्हाला कुणी सांगितलं?