ओळख करून देणे हीही आपली जबाबदारी

काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. तो एका कारखान्यात यंत्र चालवतो. कष्टाळू आहे, नमाजी आहे. पण चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "मौलाना, आमच्या विभागात मी एकटाच मुसलमान. कोणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि दर शुक्रवारी साहेबांची बोलणी खावी लागतात."

मी विचारले, "नमाजला निघताना साहेबांना सांगून येतोस ना?"

त्याने मान खाली घातली. "नकार मिळेल म्हणून गुपचूप निघतो. तेवढा वेळ शेजारचा सोबती दोन्ही यंत्रे पाहतो."

"त्याला तरी कारण सांगितलेस?"

तो गप्प राहिला.

वाचकहो, हा प्रश्न एका तरुणाचा नाही. भिन्न धर्माच्या, भिन्न भाषेच्या लोकांबरोबर काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा आहे. सूरह अल-हुजुरातच्या 13व्या आयतीत अल्लाहने केवळ ईमानवंतांना नव्हे, तर समस्त मानवांना संबोधले आहे. सर्व माणसे एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण झाली. त्यांचे समाज व कबिले झाले ते परस्परांची ओळख व्हावी म्हणून, आणि अल्लाहपाशी श्रेष्ठत्व तक्व्याने ठरते, असा तिचा आशय आहे. ओळख मात्र आपोआप होत नाही. ती करून घ्यावी लागते आणि करून द्यावीही लागते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील तीन प्रसंग या दृष्टीने पाहू.

पहिला प्रसंग हिजरतचा, इ.स. 622 मधील. मक्केचे लोक जिवावर उठलेले असताना प्रेषितांनी व हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित यास मजुरीवर घेतले. तो मुसलमान नव्हता. पण वाटांचा जाणकार व विश्वासू होता. दोन्ही उंटिणी त्याच्या स्वाधीन करून तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी यावे, असे ठरले. काम, जागा आणि वेळ हे सारे स्पष्ट होते, आणि त्याने शब्द पाळला.

दुसरा प्रसंग मदीनेतील. यहुदी लोकांशी पत्रव्यवहार करण्यासाठी प्रेषितांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना त्यांची लिपी व भाषा शिकण्यास सांगितले. अवघ्या अर्ध्या महिन्यात ते ती शिकले, असे हदीसमध्ये आले आहे. समोरच्याने आपली भाषा शिकावी, याची वाट पाहिली गेली नाही.

तिसरा प्रसंग राजांना पाठवलेल्या पत्रांचा. परकीय दरबारात मोहरेवाचून पत्र वाचले जात नाही, असे कळताच प्रेषितांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तिच्यावर 'मुहम्मद रसूल अल्लाह' हे शब्द तीन ओळींत कोरवले. संदेशाचा एक शब्दही बदलला नाही. तो पोहोचवण्याची रीत मात्र समोरच्याची स्वीकारली.

हाच आपल्यासाठी धडा आहे. श्रद्धेत तडजोड नको. पण बोलण्याच्या, कळवण्याच्या आणि विचारण्याच्या रीतीत लवचीकता ही सुन्नत आहे. नमाजची वेळ, रोजाचे दिवस, खाण्यातील हलाल-हराम यांविषयी आधीच आणि नम्रतेने सांगावे. न सांगता निघून जाणे हा दीनदारपणा नव्हे. पगाराचा वेळ ही अमानत आहे, आणि करार पाळण्याचा आदेश सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. सोबत्याच्याही काही रीती असतील, उपवास असतील, घरच्या अडचणी असतील. त्या आपण कधी विचारल्या आहेत काय?

सांगूनही नकार मिळू शकतो, हे खरे. तेव्हा सब्र राखून, योग्य मार्गाने पुन्हा विनंती करावी. पण न मागताच दुसऱ्याला अन्यायी ठरवणे हाही एक अन्यायच आहे.

त्या तरुणाने दुसऱ्याच दिवशी साहेबांशी बोलणे केले. आता जेवणाच्या सुटीतला वेळ धरून त्याला जुम्यासाठी सोडतात आणि शेजारचा सोबती राजीखुशीने यंत्र पाहतो. दिवाळीत त्या सोबत्याची पाळी याने सांभाळली. "मौलाना," तो परवा म्हणाला, "तो एवढेच म्हणाला, की हे आधी का नाही सांगितलेस?"

अल्लाह आपल्याला सत्यावर दृढ आणि वागणुकीत मृदू राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.