ऑस्करला जागा द्या, फिल्टर जपून धुवा

दुकानातलं ऑस्कर माशाचं पिल्लू जेमतेम दोन इंचांचं असतं. तोच मासा वर्षभरात हातात मावेनासा होतो आणि पुढे फूटभर वाढतो. 'टाकी लहान ठेवा, मासाही लहानच राहील,' असं दुकानात सर्रास सांगतात. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. अपुऱ्या जागेत मासा खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो.

माझ्या चार बाय दोन बाय दोन फुटी टाकीत ऑस्करची जोडी छान वाढली होती. गावी जाताना टाकीच्या सफाईला एक माणूस लावला. त्याने अगदी मन लावून काम केलं. सगळं पाणी बदललं, फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज नळाखाली धरून पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत धुतल्या. मी परतलो तेव्हा पाणी नितळ होतं आणि दोन्ही मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. कल्ले लालभडक, अंगावरचा नारिंगी रंग काळवंडलेला. अमोनिया तपासला, तर नळीतलं पिवळं राहायला हवं ते पाणी गर्द हिरवं झालं. रोज निम्मं पाणी बदलूनही त्यातला एकच वाचला.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात मिसळतो. तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारून टाकतं. म्हणून स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळावा आणि त्या दिवशी रिंग्जना हात लावू नये. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं, नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपो घालावा.

एकट्या ऑस्करलाही किमान अडीचशे लिटरची टाकी हवी; जोडीला साडेचारशेची. फिल्टर तासाला टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा असावा. खोक्यावर छापलेला आकडा स्पंज-रिंग्ज भरल्यावर टिकत नाही, त्यामुळे पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, फिल्टर एक नंबर मोठाच घ्या. वीज फार वेळ गेली की बंद कॅनिस्टर फिल्टरमधला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात हवाच.

आणि मासा झेपेनासा झाला, तर दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या पाळणाऱ्याला द्या. तळ्यात, नदीत कदापि सोडू नका. काच साफ करायला म्हणून आणलेले सकर मासे असेच बाहेर पडून आज देशातल्या अनेक जलाशयांत पसरलेत आणि त्यांचे काटेरी पर मच्छीमारांची जाळी फाडतात.