आधी संघात विचार

अगं, परवा फोनवर तू पहिल्याच वाक्याला वृद्धाश्रमावर गेलीस, म्हणून म्हटलं आज जरा सविस्तर बोलू. तुझी आई, म्हणजे माझी मावशी, न्हाणीघरात घसरली, काकांच्या हाताला कंप सुटलाय, तू बंगळूरला आणि तुझा दादा नाशकात. जीव घाबरा होणारच. पण राहतं घर आणि वृद्धाश्रम यांच्या मधे बरंच काही असतं. ते दिसत नाही, कारण कुणी एका जागी मांडून ठेवलेलं नाही. एक काम तहसीलला, दुसरं महापालिकेत, तिसरं पोलीस चौकीत आणि सर्वांत उपयोगी माहिती देवळामागच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच वाजता.

त्या हॉलपासूनच सुरुवात कर. दोघं पुण्यात कोथरूडला राहतात म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर एखादा तरी ज्येष्ठ नागरिक संघ असणार. महाराष्ट्रभर असे संघ आहेत आणि त्यांचा मिळून फेस्कॉम नावाचा महासंघ आहे. तिथे नुसते भजन, हास्ययोग आणि कोजागिरीचं मसाला दूध एवढंच चालतं असं समजू नकोस. संघाच्या सेक्रेटरीबाई म्हणजे चालतीबोलती डायरी असते. कोणता फिजिओथेरपिस्ट घरी येतो, रक्त न्यायला कोण सकाळी वेळेवर येतं, मदतनीस पुरवणाऱ्या कोणत्या ब्युरोने पैसे घेऊन बाई पाठवलीच नाही, बँकेत कोणत्या काउंटरवरचा माणूस नीट बोलतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या सासूबाईंसाठी पाण्याची गादी भाड्याने कुठे मिळेल हे मला डॉक्टरांनी नाही, संघातल्या एका आजोबांनी सांगितलं. त्यांच्या पत्नीसाठी त्यांनी ती आधी आणली होती. आणि मुख्य म्हणजे संघात हजेरीची वही असते. चार दिवस माणूस दिसला नाही की कुणीतरी जिना चढून बेल वाजवतं. हे तू बंगळूरहून कितीही पैसे टाकलेस तरी तुला करता येणार नाही.

काका म्हणतील, "तिथे सगळे म्हातारेच असतात." सगळे पुरुष हेच म्हणतात, वय शहात्तर असलं तरी. तू वाद घालू नकोस. सेक्रेटरीबाईंना आधी फोन करून सांग की माझे वडील बँकेतून निवृत्त झालेत, हिशेबाला कुणी हवं आहे का. हिशेबाला नेहमीच कुणीतरी हवं असतं.

आता दोन गोष्टी फोनवरच उरकून टाक. 14567 हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये घाल आणि तुझ्याही. ही केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, फुकट, सकाळी आठ ते रात्री आठ. जवळचं डे-केअर कुठे, पेन्शन अडकलं तर कुणाला भेटायचं, घरातलंच कुणी त्रास देत असेल तर कायद्याने काय करता येतं, हे ते सांगतात. तू स्वतः एकदा फोन करून बघ, म्हणजे आई-वडिलांना सांगताना तुझ्या आवाजात खात्री राहील. दुसरं, त्यांच्या भागातल्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये त्यांची नोंद कर. मावशी म्हणेल पोलीस कशाला दारात. तिला सांग, अडीअडचणीला त्यांच्याकडे आपलं नाव-पत्ता आधीच असलेला बरा.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे, पण खरी गाडी तिथेच अडते. कागद. पुढच्या खेपेला पुण्याला येशील तेव्हा खरेदी-बिरेदी सोड आणि दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, पॅन, पेन्शनचे कागद आणि बँकेची पासबुकं पलंगावर ओळीने मांड. नावं ताडून बघ. आपल्या आयांच्या पिढीत एकाच बाईची तीन नावं सापडतात: शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं आणि रेशन कार्डावर नुसतं 'बाई' जोडलेलं. जन्मतारखेचं तर विचारूच नकोस. शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांना 1 जून चिकटवला, ती माणसं आपल्या ओळखीतच केवढी आहेत! मावशी खरी सत्तरीची झाली असली, तरी सरकार आधारवरचंच वय धरतं. मग आधारला जोडलेला मोबाइल नंबर बघ. तो काकांच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा निघाला तर ओटीपी कुठेच येणार नाही आणि तुझी पुढची सगळी कामं थांबतील. अंगठा उमटत नसेल तर तेही आधार केंद्रावर सांग. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे जुळलं की लगेच आयुष्मान वय वंदना कार्ड काढून टाक. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्न कितीही असो. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. काकांचा खासगी मेडिक्लेम आहे म्हणून अडत नाही. मात्र हे दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही, आणि ज्या रुग्णालयाचं नाव यादीत आहे तिथेच चालतं. म्हणून घराजवळची दोन रुग्णालयं यादीत आहेत का ते आताच बघून ठेव. अशा ठिकाणी आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसलेला असतो. भरती करायच्या आधी डॉक्टरांइतकंच त्यालाही भेटायचं असतं. आणि नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी काकांना रिक्षाने बँकेत पाठवू नकोस. थोडी फी घेऊन पोस्टमन घरी येऊन तो करून देतो, किंवा मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

काकांच्या कंपाचं आधी न्यूरॉलॉजिस्टकडून नक्की होऊ दे. हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच असं नाही. पण तसंच निघालं तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि त्यांची माणसं मिळून चालवतात, सभा घेतात, सहलीही काढतात. मुंबईत पीडीएमडीएस ही संस्था असेच मोफत गट चालवते, व्यायाम आणि बोलण्याच्या सरावासकट. औषधाची वेळ आणि जेवणाची वेळ कशी जमवायची, शर्टाच्या बटणांचं काय करायचं, हे ज्यांच्या घरात हे रोज चालतं त्यांच्याकडून ऐकलेलं बरं. शिवाय 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे, तेव्हा पुढे त्रास वाढला तर प्रमाणपत्राचाही विचार करता येईल. विसरायला होण्याचा आजार असेल तर अल्झायमर्सवाल्या एआरडीएसआयच्या शाखा आहेत. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून बसणाऱ्या नातेवाइकांचं मुळीच ऐकू नकोस, त्यात माझी आईसुद्धा आली.

मधेच एक. मावशीकडे पोळ्यांना येतात त्या ताईंची आई गावी एकटी असते, तू मागे म्हणाली होतीस. त्यांना श्रावणबाळ योजनेचं सांग. पासष्ट पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत, महिन्याला 1500 रुपये. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. ही उत्पन्नाची अट इतकी खाली आहे की मला दर वेळी रागच येतो, पण आहे ती आहे. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे आणि पासष्टनंतर अर्धं तिकीट, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते धर्मादाय रुग्णालयांचं. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मोठ्या चकचकीत नावांमधलीही कित्येक रुग्णालयं धर्मादाय असतात. उत्पन्नाचा दाखला नि रेशन कार्ड घेऊन सरळ समाजसेवा विभागात जायचं, बिलिंगच्या खिडकीवर वाद घालत बसायचं नाही.

आता मदतनीस बाई. ब्युरोला विचारायचे प्रश्न लिहून ठेव: बारा तासांची की चोवीस तासांची, तिची सुट्टी कोणत्या वारी, त्या दिवशी बदली कोण, पोलीस पडताळणी झाली आहे का, डिपॉझिट परत मिळतं का आणि पगारातून त्या बाईच्या हातात किती पडतात. शेवटचा प्रश्न ब्युरोवाल्यांना आवडत नाही. तरी विचार, हातात फार कमी पडत असेल तर ती महिनाभरात जाणार हे धरून चाल. बाई आल्यावर पहिले काही दिवस तू तिथे राहा आणि स्वयंपाकघर मावशीच्या ताब्यातच राहू दे. बाई नको म्हणण्यामागे बहुधा ओट्याचा प्रश्न असतो.

फ्लॅटचा विषय निघालाय असं मावशीच बोलली. काका घाईने दादाच्या नावे बक्षीसपत्र करायला निघालेत. दादा चांगला आहे, मी वाईट काही म्हणत नाही. पण 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा असा आहे की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. ती अट कागदावर हवी, तोंडी नको. पोटगीचा अर्जही याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात होतो, महिन्याला 10 हजारांपर्यंत. आपल्या घरात त्याची वेळ येणार नाही. तरीही वकिलाला म्हणावं अट घाला, आणि दादालाही ती वाचायला दे. खऱ्या माणसाला तिचा राग येत नाही.

यातलं दादाने काय करायचं ते आधी ठरव. तू पैसे पाठवतेस म्हणून तो मोकळा आणि तो नाशकात म्हणून तू सगळं बघणार, असं नकळत होऊन बसतं. नाशिकहून पुण्याला सकाळी निघून रात्री परत येता येतं. कागदांचं आणि रुग्णालयाच्या यादीचं काम त्याच्याकडे दे, ब्युरो आणि संघ तुझ्याकडे ठेव. आणि हे त्याला सांगताना वहिनीला फोन करू नकोस, त्यालाच कर.